मामा, तुम्हाला भूक होती

मामा, सगळे म्हणतात तुमचं सोनं झालं.

तुमच्या थोरल्या लेकाच्या, दादांच्या, अंगणात सतरंजीवर बसायचं, चहाचा कप हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "वय झालं होतं. फार अंथरुणात पडून राहिले नाहीत. सोनं झालं बघा." एक उठला की दुसरा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते आणि तळपायाची आग मस्तकात जात होती. वयानं कुणी मरत नाही, मामा. वय हे काही कारण नाही. पण म्हातारं माणूस गेलं की कारण विचारायची पद्धतच नाही आपल्यात. पडले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, जखम भरली नाही, छातीत कफ साठला, गेले. संपला विषय.

मी विषय संपवणार नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून जेवणाच्या ताटावरून तुमच्याशी भांडत आले. आता तुम्ही गेलात म्हणून गप्प बसू?

सुरुवात तुम्हीच केली होती. मुदखेडच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये मी नवी सून म्हणून आले, तेव्हा तुम्ही स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले होतात. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ड्यूटीवरून उशिरा घरी आलात, तर मी एकटी चुलीपाशी बसून खालचं, करपलेलं खात होते. सगळ्यांचं झाल्यावर बसायचं, एवढंच मला माझ्या आईनं शिकवून पाठवलं होतं. तुम्ही दारातच थांबलात. आत्याबाईंना, माझ्या सासूबाईंना, हाक मारलीत. "हे काय चाललंय? पोरगी म्हणजे काय सरपण हाय का, सगळ्याच्या मागून जळायला?" आणि मला म्हणालात, "मंगल, उद्यापून तू माझ्यासंगं बसायचं. खाल्लेलं अंगात राहतं, बाकी सगळं हितंच राहतं."

सासऱ्यासोबत सून जेवायला बसते म्हणून त्या क्वार्टरच्या रांगेत चार महिने चर्चा चालली होती. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुम्हाला जेवण आवडायचं, आणि जेवणारं माणूस आवडायचं. दाळीत घोटलेल्या मेथीचा गरगट्टा, त्यावर कच्चं तेल, ज्वारीच्या तीन भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा. भाकर मोडून गरगट्ट्यात घोळवायचात आणि डोळे मिटून पहिला घास घ्यायचात. पुढं लातूरला माझी शाळेत नोकरी लागली, आम्ही तिकडं आलो, तरी कुणाच्या घरी चांगलं जेवण झालं की मला तुमचे ते मिटलेले डोळे आठवायचे.

त्याच तुमच्याविषयी लोक मला सांगतात, "ते काही खातच नव्हते हो. भूकच मेली होती."

खोटं आहे हे. तुम्हाला भूक होती.

आत्याबाई गेल्या, त्यानंतर दोन वर्षं तुम्ही मुदखेडला एकटे राहिलात. स्वतः भाकरी थापायचात. वाकड्यातिकड्या व्हायच्या, पण व्हायच्या. आम्ही आलो की मला ताटावर बसवून म्हणायचात, "आज माझ्या हातची खा, मग सांग तुझ्या आत्याबाईनं आयुष्यभर काय एवढा तोरा केला." मग एकदा बाजारात तुम्हाला चक्कर आली. मिनिटभर बसलात, उठलात, घरी गेलात. पण बातमी नांदेडला पोचली आणि दादा तुम्हाला घेऊन गेले. थोरला मुलगा नांदेडात कचेरीत कामाला, आणि बाप मुदखेडात स्वतःच्या हातानं भाकरी बडवतो, हे त्यांना बरं दिसत नव्हतं.

दादा वाईट नाहीत. संताप त्याचाच येतो. वाईट असते तर सोपं होतं, सगळा राग एका जागी ठेवून मोकळी झाले असते. दादांनी तुम्हाला चांगल्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. साखर थोडी वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि एक छापील कागद दिला. तो कागद दादांनी फ्रिजवर चिकटपट्टीनं चिकटवला. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "काय टाळावे". साखर, गूळ, तळलेलं, लोणचं, पापड. इथवर ठीक होतं. पण आपल्याकडं पथ्य कधी आहे तेवढ्यावर थांबतं का? शेजारच्या काकांनी सांगितलं, म्हाताऱ्या माणसाला दाळीनं वात होतो. दाळ पातळ झाली, मग आणखी पातळ झाली. कुणीतरी मोबाईलवर पाठवलं, शेंगदाण्यानं पित्त होतं. शेंगदाणे बंद. दुधानं कफ, दूध बंद. ज्वारी जड, रात्री भाकर बंद. भात तर साखरेमुळं आधीच बंद. अंडं त्या घरात येतच नव्हतं. प्रत्येकानं काळजीपोटी एकेक वस्तू तुमच्या ताटातून उचलली, आणि ताटात काय उरलं ते कुणी पाहिलंच नाही.

दिवाळीत आम्ही नांदेडला आलो तेव्हा तुम्ही उठून दारात आलात. सदऱ्याची कॉलर मानेभोवती उभी राहिली होती, आत मान हरवलेली. हातातलं घड्याळ मनगटावरून कोपराकडं घसरत होतं. जेवायला बसलो. तुम्ही चपातीचे तुकडे वरणाच्या पाण्यात भिजवलेत, चार घास खाल्लेत आणि ताट सरकवलंत.

"मामा, एवढंच?"

"बस झालं. भूक न्हाई आता पहिल्यासारखी."

ताई, माझ्या जाऊबाई, म्हणाल्या, "रोजचंच आहे. किती आग्रह करायचा?"

दादा म्हणाले, "या वयात कमी खाल्लेलंच बरं. हलकं राहतं शरीर."

मीसुद्धा मान डोलावली, मामा. सांगून टाकते. मी शिक्षिका आहे, पोरांना आहाराचा धडा शिकवते, फळ्यावर दाळीचं आणि अंड्याचं चित्र काढते. आणि समोर माझा सासरा वाळून चाललेला बघून मी मान डोलावली.

दादांच्या मुलीची बारावीची परीक्षा आली. घरात शांतता हवी म्हणून तुम्हाला तीन महिने लातूरला पाठवायचं ठरलं. तुम्ही एक पिशवी आणि दवाखान्याची फाईल घेऊन आलात. पहिले तीन-चार दिवस मी तुमच्या समोर बसून जेवले, तुम्ही लावलेल्या जुन्या सवयीनं. तुम्ही घास घ्यायचात, तोंडात इकडून तिकडं फिरवायचात, मग खोकल्यासारखं करून रुमाल तोंडाला लावायचात. मला वाटलं सर्दी असेल. शुक्रवारी धुण्यात तो रुमाल आला. उघडला तर आत चपातीचे चघळून टाकलेले बोळे.

मी तो रुमाल हातात घेऊनच तुमच्यासमोर येऊन उभी राहिले.

"मामा, तोंड उघडा."

"काय?"

"तोंड उघडा. दात दाखवा."

"सुनेनं सासऱ्याचे दात मोजायचे का आता? जा, तुझं काम कर."

"उघडता का मी ह्यांना बोलावू?"

तुम्ही चिडलात. घरातून निघून कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत गेलात आणि तिथल्या कट्ट्यावर बसून राहिलात. अर्ध्या तासानं परत आलात. सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकची डबी काढून माझ्यापुढं ठेवलीत. आत कवळी होती. "ढिली झाली," म्हणालात. "घातली की हिरडी सोलती. वर्ष होऊन गेलं. तोंडात घालतो ती निस्ती लोकांत बसायपुरती."

"वर्ष? आणि दादांना सांगितलं नाही?"

"त्याला आधीच माझ्यापायी किती परेशानी. साखरंचा दवाखाना, डोळ्याचा दवाखाना. आता दाताचा सांगू? म्हणलं, राहू दे. किती दिवस राहिलेत?"

"म्हणून भूक नाही म्हणत होतात?"

तुम्ही खाली बघितलंत. "भूक न्हाई म्हणलं की कुणी पुढं विचारत न्हाई, मंगल."

हे वाक्य मी विसरणार नाही. ज्याच्या घरात कुणी उपाशी उठत नव्हतं, त्या माणसानं स्वतःची भूक झाकायला ही युक्ती शोधली होती, आणि आम्ही सगळे शिकलेसवरलेले लोक तिला फसलो. फसलो म्हणते, पण आम्हाला फसायचंच होतं. भूक नाही म्हणणारं म्हातारं माणूस किती सोयीचं असतं.

त्याच दिवशी दाताच्या डॉक्टरांकडं गेलो. तोंडाची जखम बरी होऊन नवी कवळी यायला महिना लागणार होता. तोवर मऊ पाहिजे होतं, पण पाणी नको होतं. मग मी माझ्या आईला रेणापूरला फोन लावला, आणि तिनं सांगितलेलं एकेक करत गेले. ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात कालवलेल्या. हुलग्याच्या पिठाचं पातळसर माडगं. मुगाच्या दाळीचं घट्ट वरण, त्यात तुपाचा थेंब. गरगट्टा रवीनं घोटून अगदी लोण्यासारखा, वर शेंगदाण्याचं बारीक कूट. उकडलेलं अंडं कुस्करून, मीठ-मिरी घालून. पहिल्या दिवशी माडग्याची वाटी तोंडाला लावलीत आणि खाली ठेवलीत तेव्हा रिकामी होती. "अजून हाय का?" विचारलंत. किती हळू विचारलंत, मामा. चोरी केल्यासारखं.

त्याच आठवड्यात तुमची फाईल चाळत होते. फ्रिजवरच्या कागदाचीच दोन्ही बाजूंची झेरॉक्स आत होती. मी तो कागद सहज उलटला. मागं छापलेलं होतं, "काय खावे". दाळ, उसळ, अंडी, दूध, दही, शेंगदाणे, हिरव्या भाज्या. आणि खाली डॉक्टरांनी पेनानं लिहिलेलं, "वजन कमी आहे. वाढवणे. दात तपासून घ्यावेत."

मी उभ्या उभ्या दादांना फोन केला. "दादा, कागदाच्या मागं पण लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं.

"ते सगळ्यांसाठी छापलेलं असतं, मंगल. महत्त्वाचं पुढच्या बाजूला आहे."

"पेनानं लिहिलंय, दादा. मामांसाठीच लिहिलंय."

"बरं बरं. पण साखर वाढली तर जबाबदारी तुझी."

घेतली जबाबदारी. इथल्या डॉक्टरीणबाईंकडं तुम्हाला नेलं. त्यांनी रक्त पुन्हा तपासलं, मूत्रपिंड ठीक आहे म्हणाल्या, साखर काबूत आहे म्हणाल्या. "आजोबा, तुमच्या साखरेला मी घाबरत नाही. तुमच्या दंडाला घाबरते." आणि त्यांनी तुमचा दंड दोन बोटांत धरून मला दाखवला. या वयात मांस आपोआप झडतं, त्यात खाणं तोडलं की माणूस उभाच राहू शकत नाही, असं त्यांनी समजावलं. दाळ, दूध, अंडं एका वेळी ढीगभर नाही, तर प्रत्येक जेवणात थोडं थोडं. आणि रोज चालणं. तुम्ही विचारलंत, "पापड चालंल का?" त्या म्हणाल्या, "एखादा. पण आधी वाटीभर उसळ, मग पापड." बाहेर आल्यावर म्हणालात, "ही बाई रेल्वेत पाहिजे होती. सिग्नल सरळ देती."

आपलं भांडण झालं ते चहावरून. दिवसात पाच कप चहा, त्यानं जेवणाच्या वेळी पोट गच्च. मी तीन कप काटले. तुम्ही असे भडकलात! "तू बी दादासारखीच बंद करून राहिलीस. त्यानं शेंगदाणे काढले, तू चहा काढ. दोघं मिळून मला हवेवर ठेवा." मी म्हणाले, चहानं भूक मरते. तुम्ही म्हणालात, म्हाताऱ्याच्या हातात कप असला की त्याला बोलायला माणूस मिळतं, नुसत्या हातानं कोण जवळ बसतंय? तो वाद तुमच्या बाजूनं लागला असं धरा.

पण तुम्ही अंगानं भरलात, मामा. नवी कवळी आली आणि तुम्ही पहिली भाकर मागितलीत. तिसऱ्या महिन्यात शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी येऊन उभे राहायचात आणि माझी वह्यांची पिशवी हातातून ओढून घ्यायचात. पोरं विचारायची, "मॅडम, हे कोण?" तुम्हीच सांगायचात, "मी मॅडमचा हमाल." घरी येऊन कट्ट्यावर बसून लसूण सोलायचात, मिरच्या खलबत्त्यात कुटायचात. तुमचं कुटणं ऐकून शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुमच्याकडं गडी ठेवला का?"

आणि मग दादांची गाडी आली.

परीक्षा झाली होती. दादा स्वतः आले. तुम्हाला बघून त्यांना आनंद झाला, खरंच झाला. पण बसल्या बसल्या म्हणाले, "पाहुणे विचारून राहिलेत, बाप धाकट्याकडं का गेला म्हणून. थोरल्यानं सांभाळलं नाही असं होतं ते." ह्यांनी, तुमच्या धाकट्या लेकानं, नेहमीप्रमाणे पंख्याकडं बघितलं. मी चहा ओतत होते. तुम्ही आत आलात, ओट्याला हात टेकून उभे राहिलात.

"मंगल, पाठवतीस का ठेवतीस?"

मी काय म्हणाले आठवतं? तुम्हाला आठवत असेल. मी म्हणाले, "जाऊन या मामा. महिनाभराचं तर आहे. शाळा सुरू झाली की बोलावते."

तुम्ही "हाव" म्हणालात. एवढंच. पिशवी भरायला गेलात.

मी ठेवते म्हणायला पाहिजे होतं. दादांना वाईट वाटलं असतं, पाहुणे चार दिवस बोलले असते, ह्यांनी पंख्याकडं आणखी बघितलं असतं. कुणी मेलं नसतं. मी मात्र शहाण्यासारखी डबे भरत बसले. कुटाचा डबा, फुटाण्याच्या पिठाचा डबा, आणि ताईंसाठी वहीच्या कागदावर लिहिलेलं वेळापत्रक. मला वाटलं, लिहून दिलं की झालं. शिक्षिकेचा रोग.

नंतर फोनवर रोज तेच. "जेवलात का मामा?" "जेवलो. पोटभर." शाळा सुरू झाली, प्रवेश, पुस्तकं, बैठका. महिन्याचे चार महिने झाले. मी एकदाही विचारलं नाही की काय जेवलात. जेवलात का, एवढंच विचारलं. त्याचं उत्तर सगळे म्हातारे एकच देतात.

अंगणात उन्हाला बसायला निघालात आणि पायरीवर पाय दुमडला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा पलंगावर तुम्ही होतात का चादरीची घडी होती, कळत नव्हतं. ऑपरेशन झालं, पण टाक्यांची जागा जुळेना. हाडाच्या डॉक्टरांनी दादांना बाजूला घेतलं. "हाड मी बसवलंय, पण जखम भरायला शरीरात काही असावं लागतं हो. यांच्या अंगात काहीच नाही. खात काय होते हे?"

दादांचे डोळे भरले होते. छातीवर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टर, आम्ही सगळं पथ्य पाळलं. एक दिवस चुकवलं नाही."

मामा, त्या क्षणी मला ओरडावंसं वाटलं. आणि त्यांच्या तोंडाकडं बघून ओरडता आलं नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी चमच्यानं मुगाचं पाणी देत होते. गिळलं जात नव्हतं. तरी तुम्ही तोंड उघडत होतात, माझं मन राखायला.

ओरडले मी तेराव्याच्या आदल्या दिवशी. आचारी यादी करायला बसला होता. म्हणाला, "बाबांना आवडायचं असं एक काहीतरी करतात. सांगा." दादांनी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी दादांकडं बघितलं. दोन लेक, पन्नाशी उलटलेले. एकालाही माहीत नव्हतं. शेवटी भोकरचे चुलते म्हणाले, "बालुशाही घ्या. म्हाताऱ्यांना गोड आवडतं."

"त्यांना गोड आवडत नव्हतं," मी दारातूनच म्हणाले. "मेथीचा गरगट्टा आवडायचा. ज्वारीची भाकर."

कुणीतरी हसलं. "तेराव्याला गरगट्टा कोण करतं?"

"जिवंतपणी केला असता तर तेरावा इतक्यात आला नसता."

दादा उभे राहिले. "मी माझ्या बापाला उपाशी मारलं, असं म्हणायचंय का तुला?"

"तुम्ही एकट्यानं नाही, दादा. आपण सगळ्यांनी. तुम्ही कागद एकाच बाजूनं वाचला आणि मी ते माहीत असून त्यांना परत पाठवलं."

दादा वळले. आत गेले. फ्रिजवरच्या कागदाच्या चिकटपट्ट्या नखानं काढल्या, कागद उलटला आणि उभ्यानं वाचला. पेनानं लिहिलेल्या ओळीवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. मग मागच्या दारानं बाहेर गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत आले नाहीत.

ताईंनी मला भांडी घासताना सांगितलं. खालच्या आवाजात, नळ सुरू ठेवून. लातूरहून आल्यावर महिनाभर त्यांनी माझ्या कागदाप्रमाणे केलं होतं. मग एक दिवस दादांनी तुम्हाला कुटाच्या डब्यात चमचा घालताना पाहिलं. घरात पाहुणे होते, नातवंडं होती. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, या वयात चोरून खाता? लाज वाटत नाही?" तुम्ही चमचा धुतलात, जागेवर ठेवलात. त्या दिवसापासून तुम्ही कशालाच हात लावला नाहीत. "मी नंतर देत होते गं," ताई म्हणाल्या. "हात जोडायचे मला. म्हणायचे, राहू दे बाई, खामखा घरात वाद नको." त्या नळाखाली तेच पातेलं पुन्हा पुन्हा घासत राहिल्या.

मला तुमचा राग आला, मामा. आजही आहे. नव्या सुनेसाठी सगळ्या क्वार्टरच्या रांगेशी भांडणारा माणूस स्वतःच्या चमचाभर कुटासाठी भांडू शकला नाही? मला एक फोन करायचा होता. मी पहिल्या गाडीनं आले असते. कुणाची लाज राखलीत? ज्यानं तुमची घालवली त्याची? आणि वर मला रोज सांगत राहिलात, पोटभर.

तेरावा उरकून लातूरला आले. दोन दिवस काही सुचलं नाही. रोजच्यासारखा रेणापूरला आईला फोन केला. "जेवलीस का?" म्हणाले. "जेवले गं, पोटभर," ती म्हणाली. आणि माझ्या हातातला फोन गार पडल्यासारखा झाला. तुमच्यासाठी कण्या कशा करायच्या, माडगं किती घट्ट ठेवायचं, हे ज्या बाईला मी तीन महिने विचारत होते, ती स्वतः काय खाते हे मी कधी विचारलंच नव्हतं.

रविवारी न सांगता गेले. संध्याकाळची वेळ. भाऊ शेतातून आला नव्हता, वहिनी शेजारी गेली होती. आई पलंगावर बसली होती. चुलीवर भाकरी तयार, वरण तयार, सगळं झाकून ठेवलेलं.

"जेवली का?"

"हाव की. केव्हाच."

मी सगळी झाकणं उघडली. भाकरी मोजल्या नाहीत, पण वरणावर साय आली होती, पळी घातलेली नव्हती. "आई, खरं सांग."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "संध्याकाळी न्हाई जेवत मी. पाणीबी न्हाई पीत. रात्री उठावं लागतं. संडास परड्यात हाय, पायऱ्या उतरून. अंधारात पाय सरकला तर? तुझ्या भावावर कशाला भार. दुपारी खाते की चांगलं."

"केव्हापासून?"

"दोन उन्हाळे झाले असतील. त्यात काय एवढं? वय झालं आता. कमी खाल्लं तर चालतंय."

भाऊ आला तेव्हा मी त्याला हात-पायसुद्धा धुऊ दिले नाहीत. अंगणातच उभं करून विचारलं. त्याला काही माहीत नव्हतं. तो आईकडं बघत राहिला आणि आई भिंतीकडं. दिवा, कठडा, रात्रीसाठी पलंगाशेजारी संडासाची खुर्ची, काय काय लागेल ते त्याच्याकडून उभ्या उभ्या कबूल करून घेतलं. तो म्हणाला, "उद्याच करतो." मी म्हणाले, "उद्यापर्यंत मी इथंच आहे. रात्री हिला मी नेते."

मग ताट वाढलं. भाकर मोडून वरणात कुस्करली, वर कुटाची चटणी, बाजूला दह्याची वाटी, पाण्याचा तांब्या. आईपुढं ठेवलं आणि समोर मांडी घालून बसले.

"तू अशी बघत बसलीस तर घास उतरत न्हाई मला," ती म्हणाली.

मी बघत बसले.